हसरी रेषा : गाडीतल्या इक्वलायझरची एक समीक्षा



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गाडीच्या म्युझिक सिस्टीमपाशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, मैफलीची करतो. पण पुष्कळांचं आजचं गाणं मैफलीत ऐकलं जात नाही. ते ऑफिसच्या वाटेवर, सिग्नलला, द्रुतगती मार्गावर, काचा लावलेल्या गाडीत ऐकलं जातं. आणि ऐकायच्या आधी एका पडद्यावर बोट ठेवून आपण ते बदलतो. गाण्यात बदल करणारी ही कृती समीक्षेच्या कक्षेत यायला हवी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

तर तो पडदा डोळ्यांसमोर आणा. इक्वलायझर उघडला की एक यादी दिसते : रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल, व्होकल. खाली उभ्या स्लायडरची रांग. बहुतेक लोक काय करतात? डावीकडचे स्लायडर वर, उजवीकडचे वर, मधले खाली. स्लायडरांची टोकं जोडली तर हसऱ्या तोंडासारखी रेषा तयार होते. तिला आपण आज हसरी रेषाच म्हणू. बेस दणकतो, ट्रेबल चमचमतं, आणि पहिल्या दहा सेकंदांत वाटतं, वा, काय आवाज आहे! आमचा आक्षेप या 'वा'वर नाही. आक्षेप असा आहे की या रेषेत तीन वेगळे न्याय एकमेकांत मिसळले आहेत : गाण्याबद्दलचा, गाडीबद्दलचा आणि कानाबद्दलचा. दोष एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार होतो. ही गुंतवळ सोडवायची तर स्लायडरखाली छापलेले आकडे वाचता यायला हवेत.

ते आकडे सहसा असे असतात : ३१, ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००. हे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. माणसाच्या कानाचा आवाका साधारण २० ते २०,००० हर्ट्झ मानतात. आता बघा, प्रत्येक आकडा आधीच्याच्या जवळपास दुप्पट आहे. आणि वारंवारता दुप्पट झाली की आपल्या संगीतात काय होतं? सा वरच्या सा ला भेटतो. म्हणजे दहा स्लायडर म्हणजे दहा सप्तकं. हे एवढं लक्षात आलं तरी निम्मं काम झालं.

आता या दहा सप्तकांत आपला गायक बसवू. काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७. मंद्र पंचम १०४ च्या आसपास, आणि तार पंचम ४१६. चांगल्या ख्यालगायकाची सगळी फिरत यात आली. हा सगळा व्यवहार फक्त तीन स्लायडरांत मावतो : १२५, २५० आणि ५००. एका रागाचं अख्खं विश्व दहांतल्या तीन घरांत! मग उरलेल्या सात घरांत राहतं कोण?

खालच्या दोन घरांत, ३१ आणि ६३ मध्ये, ख्यालात फारसं कोणी नसतं. तिथे ढोलाचा दणका, सिंथेसायझरचा आणि बेस गिटारचा तळ. १००० पासून वरच्या पाच घरांत स्वरांची ओळख राहते. कोणताही स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर बरोबर येतात. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो त्यातलाच. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह दाखवलं की साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर असे सरळ पटींत नसतात, पण तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे ते सरळ पटींत येतात. म्हणून तबला 'सुरात' लागतो. सारंगी आणि हार्मोनियम एकच सा वाजवतात, तरी आपण त्यांना वेगळं ओळखतो, ते बरंचसं या उपस्वरांच्या कमीजास्त प्रमाणावरून आणि स्वर कसा सुरू होतो त्यावरून.

आणि भाषा? तीही वरच राहते. स्वर 'आ', 'ई', 'ऊ' यांची ओळख साधारण ३०० ते ३००० मध्ये ठरते. 'स', 'श' आणि त्यांच्या भावंडांची खसखस त्याच्याही वर, काही हजारांत. मराठीत 'चंद्र' आणि 'चांदणं' यांत लिहायला एकच च, पण उच्चाराला दोन. तो फरक ३००० ते ८००० च्या पट्ट्यातल्या घर्षणाचा आहे. आपल्या गाडीत एखादं भावगीत लावा आणि हे दोन च वेगळे ऐकू येतात का ते बघा. ही चाचणी फुकट आहे आणि कोणत्याही प्रीसेटपेक्षा विश्वासू आहे.

इथे थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. आपण वारंवारता आणि स्वर हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. ते एक आहेत का? १८४१ मध्ये ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञानं भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीच्या भोंग्यावर प्रयोग करून म्हटलं की मूळ वारंवारतेचा अंश अगदी क्षीण असला तरी कानाला तोच स्वर ठळक ऐकू येतो. १८४३ मध्ये ओहम, तोच विजेच्या नियमाचा ओहम, म्हणाला की नाही, स्वर ऐकू यायचा तर त्या वारंवारतेचा घटक ध्वनीत असलाच पाहिजे. हेल्महोल्ट्झनं १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओहमची बाजू उचलून धरली आणि झेबेक मागे पडला. १९४० च्या सुमारास शाउटेन या डच संशोधकानं मूळ घटक पूर्ण काढून टाकला, तरी तोच स्वर ऐकू येत राहिला!

याचा पुरावा आपल्या खिशात होता. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पुढे पाठवायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५० च्या आसपास, म्हणजे तो तारेतून येतच नव्हता. तरी वडिलांचा आवाज वडिलांसारखाच भारदस्त ऐकू यायचा. उपस्वरांच्या अंतरावरून कान मूळ स्वर उभा करतो. मोजता येते ती वारंवारता. ऐकू येतो तो स्वर. दोघांचं नातं घट्ट आहे, पण ते एक नव्हेत.

गाडीत याचा उपयोग काय? दारातला साडेसहा इंची स्पीकर ३१ हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाही. आपण तो स्लायडर कितीही वर नेला तरी पडदा नुसता हापसतो. आणि त्याची गरजही नसते. गाण्याचा खालचा स्वर ओळखण्यापुरती माहिती ८० ते २५० च्या उपस्वरांतून कानाला मिळते. पोटात जाणवणारा दणका हवा असेल तर सबवूफर बसवा, तो वेगळा व्यवहार आहे. शिवाय हिशेब बघा. ६ डेसिबल वाढवायचे तर त्या भागात चौपट शक्ती लागते, १२ डेसिबलला जवळपास सोळापट. खोक्यावर ५० वॉट छापलेलं असलं तरी गाडीतल्या नेहमीच्या सिस्टीमची सलग मिळणारी शक्ती एका स्पीकरमागे १५ ते २० वॉटच्या घरात असते. सोळापट आणायची कुठून? मग लाटांचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. लोक म्हणतात स्पीकर खराब आहे. बिचारा स्पीकर!

आता दुसरा आरोपी, गाडी. नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि तो कानापर्यंत कसा येतो याचे दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय : पाण्यावर लाटेमागून लाट. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाचं फूल जसं एकदम सगळ्या दिशांनी फुलतं तसं. भौतिकशास्त्र म्हणून ते दृष्टांत आज कोणी घेणार नाही. पण स्पीकरपुढे बसून आठवावेत असे आहेत. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, १००० ची ३४ सेंटिमीटर, १०,००० ची साडेतीन सेंटिमीटर. स्पीकरपेक्षा कितीतरी लांब असलेली लाट कदंबासारखी चहूकडे फुलते. आखूड लाट टॉर्चच्या झोतासारखी समोर जाते. म्हणून दाराच्या तळाशी, पोटरीकडे तोंड करून बसवलेल्या स्पीकरातलं ट्रेबल पोटरीला मिळतं. हा दोष गाण्याचा नाही. त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डाजवळ ट्वीटर लावतात.

छोट्या गाडीची आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली लाटेला पसरायला जागाच उरत नाही. अख्खी गाडी पिचकारीतल्या हवेसारखी दाबली-सोडली जाते आणि खालचे आवाज आपोआप वाढतात. मोकळ्या खोलीत जो बेस कमी वाटेल तो इथे पुरेसा होतो. रुंदी १.४ मीटर धरा. तिच्या दुप्पट लांबीची लाट दोन दारांमध्ये बरोबर अडकते, ती सुमारे १२३ हर्ट्झची. आमच्या काळी एकच्या गायकाचा मध्य सा १३९ वर आहे, म्हणजे शेजारीच. म्हणून पुष्कळ गाड्यांत पुरुष गायक मध्य सा वर आला की आवाज घुमतो, डग्गाही घुमतो. आपण म्हणतो 'बेस जास्त झाला' आणि बेसचं बटण कमी करतो. ते बटण ६० ते १०० भोवतीचं सगळंच उतरवतं. घूम राहते, तळ जातो. खरा उपाय १२५ चा एक स्लायडर तीन-चार डेसिबल खाली आणणं, एवढाच. आकडे वाचता येण्याचा फायदा तो हा.

पण इक्वलायझरच्याही मर्यादा आहेत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याला जवळ, डावा लांब. समजा फरक ५० सेंटिमीटरचा. डावीकडचा आवाज दीड सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. ३४४ हर्ट्झला हा फरक बरोबर अर्ध्या लाटेचा. एकाची उंची दुसऱ्याच्या खळग्यावर येते आणि दोघं एकमेकांना मारतात. काळी एकचा तार गंधार ३४६ वर आहे. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो, त्यामुळे त्याचा तार गंधार चालकाच्या जागी थोडा बुडतो आणि शेजारच्या स्वरांवर तो पुन्हा वर येतो. काचांवरून परतणारा आवाज ती भोकं अंशतः बुजवतो, म्हणून सहज ध्यानात येत नाही. आता तो स्लायडर वर नेला तर? दोन्ही स्पीकर वाढतात, दोघं तितक्याच जोमानं एकमेकांना मारतात. भांडणाऱ्या दोघांना आणखी ताकद दिल्यासारखं झालं. इथे उपाय वेळेचा आहे : जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर करायचा. अनेक सिस्टीममध्ये 'टाइम अलाइनमेंट' नावानं ही सोय असते. मात्र चालकासाठी ती जुळवली की शेजारच्यासाठी बिघडते. कोणासाठी जुळवायचं हा प्रश्न तंत्रज्ञ सोडवू शकत नाही. तो गाडीतल्या माणसांनी ठरवायचा आहे.

तिसरा आरोपी, कान. इथे हसऱ्या रेषेला तिची बाजू मांडू द्यायला हवी, कारण तिची अर्धी बाजू खरी आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की कान सगळ्या वारंवारतांना सारखा दाद देत नाही. ३००० ते ४००० भोवती तो सर्वांत तीक्ष्ण असतो, खाली बोथट. आजच्या प्रमाण मापनांप्रमाणे १००० हर्ट्झच्या ४० डेसिबल आवाजाइतकं मोठं वाटायला ६३ हर्ट्झला सुमारे ७३ डेसिबल लागतात, म्हणजे ३३ जास्त. पण १००० चा आवाज ८० डेसिबलवर नेला तर ६३ ला सुमारे ९८ पुरतात, म्हणजे फक्त १८ जास्त. अर्थ काय? हळू आवाजात गाणं लावलं की बेस प्रमाणाबाहेर हरवतो, आणि तो थोडा वाढवणं न्याय्य आहे. धावत्या गाडीत टायर आणि इंजिनाची घरघरही मुख्यतः खालच्याच भागात असते, तीही बेस गिळते.

म्हणजे रेषेचा डावा कोपरा उचलायला कारण आहे, पण हळू ऐकताना किंवा गाडी चालू असताना. उजव्या कोपऱ्याला हे समर्थन मिळत नाही. वरच्या भागात मोठा आवाज आणि लहान आवाज यांत कानाचा तोल फारसा बदलत नाही. आणि लोक ही रेषा लावतात कधी? आवाज भरपूर मोठा करून. म्हणजे जिथे गरज नाही तिथेच. भरीला, जाड आवाज आपल्या वरच्या आवाजांना झाकतो. बारीक आवाज खालच्यांना तितकं झाकत नाही. फुगलेला बेस गायकाच्या शब्दांवर बसतो. मग शब्द ऐकू यावेत म्हणून ट्रेबल वाढवा, मग कर्कश वाटतं म्हणून पुन्हा बेस. या रेषेचं हसू असं एकमेकांच्या चुका झाकत वाढत जातं.

हिचं पितळ सर्वांत उघडं पडतं ते जुन्या ध्वनिमुद्रणांपाशी. १९२५ च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी कर्ण्यापुढे गायचं असे, आणि त्यात साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच भाग उमटत असे. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका त्या काळातल्या. त्यांवर हसरी रेषा लावा. ६३ ला काय आहे? तबकडीची घरघर. ८००० ला काय आहे? सुईची खरखर. आणि मधे जिथे बालगंधर्व आहेत, तो भाग आपण खाली ओढला. नाही त्याला वाढवलं, आहे त्याला दडपलं. 'क्लासिकल' नावाचा प्रीसेट लावूनही पुष्कळदा हेच होतं, कारण प्रीसेटला ना तबकडीचं साल माहीत, ना आपल्या गाडीची रुंदी. संगीतप्रकाराचं नाव म्हणजे ध्वनीचं मोजमाप नव्हे. 'रॉक'ला एक आकार आणि 'जॅझ'ला दुसरा, हे वर्गीकरण आपल्या गाडीच्या घुमण्याबद्दल काहीही सांगत नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी अंधश्रद्धा आहे, सरळ रेषेची. ही मंडळी फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घेतात, गुलाबी गोंगाट म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला आवाज वाजवतात आणि रेषा सपाट होईपर्यंत स्लायडर हलवतात. मोजणं चांगलंच, पण फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी बनवलेला, त्याची साक्ष तपासून घ्यावी. आणि सपाट झालेला आवाज ऐकला तर तो बहुधा रोडका आणि टोचरा लागतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून वर्षानुवर्षं श्रवणचाचण्या घेतल्या. लोकांना पसंत पडलेल्या स्पीकरांचं खोलीतलं मोजमाप सपाट नसतं. खालून वर जाताना ते हळूहळू उतरत जातं. यंत्राचं मोजमाप हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

मग करायचं काय? समीक्षकानं नुसते दोष दाखवून उठू नये, म्हणून थोडक्यात पद्धत सांगतो आम्ही. गाडी उभी करा, इंजिन बंद. सगळे स्लायडर शून्यावर, प्रीसेट बंद, 'बेस बूस्ट' आणि 'लाउडनेस' बंद. आपल्याला तोंडपाठ असलेली दोन-तीन ध्वनिमुद्रणं घ्या : एक पुरुष आवाज, एक स्त्रीचा, एक तालवाद्याचं. शक्यतो घरी चांगल्या हेडफोनवर आधी ऐकलेली. मग एकेक स्लायडर ६ डेसिबल वर नेऊन ऐका आणि परत शून्यावर आणा. जिथे वाढवल्यावर गाडीचा मूळचाच दोष ओरडून पुढे येतो, तिथे तो तीन-चार डेसिबल खाली आणा. १२५ ला घूम, २५० ते ५०० ला डबा-आवाज, २००० ते ४००० ला टोचणी, ८००० ला 'स'ची शिट्टी, या ओळखीच्या जागा. आधी कमी करा, वाढवायची वेळ आलीच तर जपून. दोन मांडण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण कानाला मोठं ते चांगलं वाटतं आणि सगळे प्रीसेट याच भांडवलावर जगतात. शेवटी गाडी चालवताना ऐकायची मांडणी वेगळी जतन करा. तीत खालचा भाग थोडा वर. स्लायडर हलवायचे ते गाडी उभी असतानाच.

एक पथ्य आमच्या वयाच्या लोकांसाठी. वय वाढतं तसं वरच्या वारंवारता आधी जातात. सत्तरीतल्या माणसानं १६,००० चा स्लायडर जुळवायचा अट्टहास करू नये; नातवंडाला शेजारी बसवावं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघावं. आणि तरुणांसाठी एक : जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. आवाज जसा वाढतो तसे सुरक्षित तास झपाट्यानं घटतात. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल एवढी जागाही कानात ठेवायला हवी.

आपल्या संगीतपरंपरेत श्रोता घडावा लागतो असं मानलं आहे. सहृदय हा शब्द आपण काव्याच्या संदर्भात शिकवतो. तो कानालाही लागू आहे. हसरी रेषा प्रत्येक गाण्याला एकच चेहरा देते, आणि काही वर्षांनी तो चेहराच आपल्याला गाणं वाटायला लागतो. मग कोणी बिनमाइकचं गायलं, समोर बसून तंबोऱ्यावर गायलं, की ते आपल्याला फिकं लागतं. नुकसान आहे ते हे. गाडी विकली जाईल, सिस्टीम बदलेल, पण बिघडलेली सवय पुढच्या गाडीत आपल्याबरोबर येईल.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. सगळे स्लायडर शून्यावर आणा आणि आठ दिवस तसेच राहू द्या. पहिले दोन दिवस आवाज मेलेला वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सारंगी कुठून येते ते कळायला लागेल. त्यानंतर इक्वलायझरला हात लावायचा की नाही, आणि कुठे, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. प्रश्न असतील तर आता घेऊ.